वाद्यांच्या दुकानातील जाणती माणसे आणि त्यांच्या कामाचे मोल

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

वाद्यांच्या दुकानांविषयी चर्चा सुरू झाली की ती बहुधा वाद्यांवरच थांबते. लाकूड कोणते, बनावट कोणती, कोणती पेटी टिकते आणि कोणती टिकत नाही, यावर आपण पुष्कळ लिहितो. दुकान उघडणारा मालक, काउंटरवर उभा राहणारा सहायक आणि आतल्या खोलीत मान खाली घालून बसलेला दुरुस्ती करणारा कारागीर यांच्याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. हा धागा त्यांच्या कामासाठी आहे. माझे म्हणणे आरंभीच मांडतो: वाद्य वाजण्याजोगे करून देणे हे या माणसांचे खरे काम आहे, आणि त्या कामाचे मोल वाद्याच्या किमतीत गुपचूप मिसळून टाकल्यामुळे ते काम आणि ते करणारी माणसे दोन्ही दुर्मीळ होत चालली आहेत.

गिटारचे उदाहरण घेतो, कारण नवशिक्यांचा सर्वाधिक ओढा आज त्या वाद्याकडे आहे. पोलादी तारांच्या साध्या गिटारवर सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोंहून अधिक असतो. तो ताण सतत सोसणारी मान किंचित वाकते, आणि ती किती वाकावी हे आत बसवलेल्या सळईने ठरवावे लागते. कारखान्यातून निघालेले वाद्य गोदामांतून आणि वाहनांतून प्रवास करते, हवेतील ओलावा बदलतो, लाकूड फुगते किंवा आकसते, आणि दुकानात पोहोचेपर्यंत तारा बोटे ठेवायच्या पट्टीपासून नको तितक्या वर गेलेल्या असतात. अशा वाद्यावर नवशिक्याची बोटे सोलून निघतात, सूर दाबताना तार ताणली जाऊन स्वर चढतो, आणि शिकणाऱ्याचा समज असा होतो की आपल्याला कान नाही किंवा आपल्या बोटांत बळ नाही. दुकानातील जाणत्या माणसाने सळई थोडी फिरवून, वरच्या खाचा योग्य खोलीपर्यंत घासून आणि तारा जिच्यावर टेकतात ती खालची घोडी उतरवून हेच वाद्य तासाभरात मऊ करून दिले असते. कितीतरी लोकांनी पहिल्या काही महिन्यांत वाद्य सोडून दिले ते हा एक तास त्यांच्या वाट्याला आला नाही म्हणून, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

या तासाची नोंद बिलावर कुठेही नसते. ज्या दुकानात तो तास दिला जातो तिथे वाद्य थोडे महाग पडते, आणि ग्राहकाला फक्त महागपणा दिसतो. आपल्यापैकी जे अशा दुकानांत काम करतात, ती चालवतात किंवा त्यांच्याशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे, त्यांनी या कामाविषयी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

पेटीदुरुस्त

मी दुकानाच्या आतल्या खोलीत बसणाऱ्यांपैकी एक आहे आणि माझे काम मुख्यतः हार्मोनियमचे आहे. धागाकर्त्यांनी गिटारविषयी लिहिले ते पेटीला अधिकच लागू पडते, कारण गिटारच्या तारा वाजवणारा स्वतः जुळवू शकतो, पेटीचे सूर मात्र दुसऱ्या कुणीतरी लावून दिलेले असतात आणि वाजवणाऱ्याला ते आहेत तसे स्वीकारावे लागतात.

सूर लावणे म्हणजे पितळेच्या पातळ जिभेवरून, जिला आम्ही सूरच म्हणतो, धातू काढणे. टोकाकडे घासले की जीभ हलकी होते आणि स्वर चढतो. बुडाशी घासले की ती लवचिक होते आणि स्वर उतरतो. काढलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीत सुराचे आयुष्य थोडे कमी होते, आणि चांगला कारागीर कानसवर हात टाकण्याआधी पुष्कळ वेळ नुसता ऐकत बसतो. जिभेच्या फटीत धुळीचा एखादा कण अडकला असेल तरी स्वर बंद पडतो किंवा घोगरा होतो; तो कण कागदाच्या पट्टीने काढला की काम संपते, तिथे कानस चालवणे हा अपराध आहे. भाता गळत असेल तर दाब कमी पडून सूर कमजोर येतात, आणि दोष सुरांचा नसताना सूर घासले जातात. म्हणून आधी भाता भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही, आणि तो किती वेगाने खाली बसतो ते पाहायचे.

खर्ज (खालच्या सप्तकाचे सूर) आणि नर (मधल्या सप्तकाचे सूर) एकत्र लावताना मोबाइलवरचे यंत्र पुरेसे पडत नाही. दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्यात एक लहर ऐकू येते. सूर जवळ येतील तशी ती संथ होते आणि जुळले की नाहीशी होते. ती लहर ऐकण्यासाठी शांतता लागते. दुकानात समोर कुणी ड्रम वाजवून पाहत असताना हे काम होत नाही, त्यामुळे ते शटर उघडण्यापूर्वी किंवा गिऱ्हाईक संपल्यावर करावे लागते. घासलेला सूर काही तासांनी थोडा सरकतो, म्हणून पेटी रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावी लागते. ग्राहक विचारतो, "एका सुरासाठी दोन दिवस कशाला?" त्याचे उत्तर वरच्या ओळींत आहे, पण काउंटरवर ते सांगायला कुणाला वेळ नसतो.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. पेटीच्या दर्शनी भागावर जे खटके ओळीने दिसतात, त्यांतले काही अनेक पेट्यांत केवळ शोभेसाठी असतात. अधिक खटक्यांची पेटी अधिक चांगली असा समज करून घेऊन येणाऱ्याला हे खरे सांगणारा सहायक दुकानाचे त्या दिवशीचे नुकसान करतो. त्याने ते करावे असे माझे मत आहे.

उंबरठा

विषय चांगला आहे, परंतु चित्र थोडे एकरंगी होत आहे. अनेकांना अशा दुकानाचा उंबरठा ओलांडायचीच भीती वाटते, आणि तिला कारण आहे. काउंटरमागचा तरुण स्वतः उत्तम वाजवणारा असतो. समोरच्याने वाद्य हातात घेतले की तो स्वतःच ते घेऊन एखादी अवघड जागा वाजवून दाखवतो, आणि नवख्या माणसाला पुन्हा ते वाद्य हातात घेण्याचे धैर्य होत नाही. स्त्रिया सोबत पुरुषाला घेऊन गेल्या तर उत्तरे त्या पुरुषाला दिली जातात, वाजवणारी ती असली तरी. निवृत्तीनंतर शिकू पाहणाऱ्यांना "आता या वयात साधेच घ्या" असे सुचवले जाते. घरबसल्या मागवलेल्या वाद्यात दोष असू शकतील, पण तिथे कुणी आपल्याला जोखत नाही. जाणतेपणाचे मोल मागण्यापूर्वी वागणुकीचा विचार व्हायला हवा.

गल्ल्याकडून

उंबरठा, आपण लिहिलेले खरे आहे आणि दुकान चालवणारी म्हणून ते मला लागते. आमच्या व्यवसायात नोकरीवर घेताना वाजवणाऱ्यालाच घ्यावे असा प्रघात आहे. मी आता त्याहून आधी एक गोष्ट पाहते: ग्राहकाला प्रश्न विचारून उत्तर संपेपर्यंत हा माणूस गप्प राहू शकतो का? वाजवून दाखवायचे असेल तर एकच मोकळा स्वर किंवा साधा सप्तक वाजवावा, जेणेकरून वाद्याचा आवाज ऐकू यावा आणि वाजवणाऱ्याचे कसब मध्ये येऊ नये, असे मी सहायकांना सांगते. हे शिकवावे लागते, आपोआप येत नाही.

आता दुकानाची बाजू मांडते. मोठ्या वाद्यांत भांडवल अडकते आणि महिनोन्महिने अडकून राहते. दुकानाचे भाडे आणि पगार भागवतात त्या लहान वस्तू: तारा, नख्या, व्हायोलिनचे राळ, तबल्याच्या गाद्या, पिशव्या, मायक्रोफोनच्या वायरी. यांतले बरेचसे आता घरबसल्या स्वस्त मिळते, आणि त्यामुळे ज्या उत्पन्नावर कारागिराचा पगार उभा होता तोच पाया खचला आहे. वाद्य तिसरीकडून मागवून फक्त जुळवून घेण्यासाठी आमच्याकडे आणणारे लोक वाढले आहेत. पूर्वी दुकानदार अशांवर नाराज होत. मी होत नाही, कारण तेच लोक आम्हाला सांगत आहेत की त्यांना आमच्याकडून नेमके काय हवे आहे.

लाकूड आणि हवामान यांचे ज्ञानही याच माणसांकडे असते. लाकडी वाद्याला सुमारे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. त्याहून फार कोरड्या हवेत पट्ट्या तडकतात आणि फार दमट हवेत सांधे सुटतात व पेटीच्या कळा अडकतात. दुकानातला आर्द्रतामापक कुणी रोज पाहते का, यावरून त्या दुकानाची पारख करता येईल. नियमांची माहितीही ठेवावी लागते. २०१७ च्या आरंभी शिसवीच्या (रोझवुडच्या) साऱ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा शिसवी पट्टीची गिटार परदेशी पाठवावी की नाही हे विचारायला लोक दुकानांतच येत. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून बरीच सूट मिळाली, ब्राझीलच्या रोझवुडवरची कडक बंधने मात्र तशीच राहिली. ज्या सहायकाला यातला फरक ठाऊक असतो, तो एखाद्या वादकाचे जन्मभराचे वाद्य जप्त होण्यापासून वाचवू शकतो.

तिरकीट

मी तबला शिकवतो. शिष्यांना घेऊन दुकानात जाणे हा आमच्या कामाचा भाग आहे. जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न "कितीपर्यंत घ्यायचा आहे?" असा नसतो, तो विचारतो, "कुणाच्या साथीला वाजवणार, आणि त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ षड्ज, कोणती?" तबल्याची पुडी (तोंडावरचे कातडे) जितकी लहान तितका स्वर उंच चढवता येतो, मोठ्या पुडीचा तबला खालच्या पट्टीत खुलतो, आणि एका पुडीला तिच्या सोईच्या पट्टीबाहेर ओढले तर आवाज कोरडा होतो, वादी (पुडी आवळणारी चामड्याची पट्टी) ताणली जाते आणि शाई (पुडीवरचा काळा गोल) लवकर तडकते. गायिकेची पट्टी काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी कळ) असेल तर तबला पुष्कळदा तिच्या मध्यमात किंवा पंचमात लावतात, म्हणजे तो काळी एक किंवा काळी दोनचा लागतो. हे न विचारता विकलेला तबला कितीही सुबक असला तरी तो त्या माणसासाठी चुकीचा आहे.

एका अवघड गोष्टीविषयी उघडपणे बोलले पाहिजे. शिक्षकाने ग्राहक आणला की दुकानदाराने त्याला काही रक्कम द्यावी, ही प्रथा अनेक ठिकाणी आहे. तिच्या मुळाशी असलेला विचार मला समजतो, कारण शिक्षकाचाही वेळ जातो. पण ती रक्कम शेवटी शिष्याच्या खिशातून जाते आणि त्याला ते ठाऊक नसते. शिक्षकाने निवडीसाठी वेळ दिला असेल तर त्याने शिष्याकडून त्याचे शुल्क सांगून घ्यावे. मी दुकानातून काही घेत नाही आणि हे शिष्यांना आधीच सांगतो. त्यामुळे दुकानातील माणूसही माझ्याशी मोकळेपणाने बोलतो आणि "हा नग घेऊ नका, पुढच्या आठवड्यात चांगले येणार आहेत" असे सांगू शकतो.

जुनीपाने

इतिहासातील दोन-तीन उदाहरणे येथे उपयोगी पडतील, कारण दुकानातील माणसांनी वाद्येच बदलून टाकल्याचे दाखले आहेत. जिम मार्शल हे ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक होते. त्यांनी १९६० मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचे दुकान काढले. ड्रमवादकांबरोबर येणारे गिटारवादक आपल्याला हव्या त्या आवाजाचा ॲम्प्लिफायर मिळत नाही असे वारंवार सांगत. दुकानातील दुरुस्तीचे काम पाहणारे केन ब्रॅन आणि त्यांच्या जोडीचा तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी त्यावर काम केले आणि १९६२ मध्ये पहिला मार्शल ॲम्प्लिफायर तयार झाला. नाव मालकाचे झाले, पण काउंटरवर कुणी ऐकून घेतले नसते आणि आत कुणी तारांना डाग देत (सोल्डरिंग करत) बसले नसते तर ते यंत्र झाले नसते.

पुढे विजेच्या गिटारांसाठी प्रसिद्ध झालेल्या लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान सुरू केले होते. ते स्वतः गिटार वाजवत नसत. वादक आपली बिघडलेली यंत्रे घेऊन येत आणि त्यांच्या तक्रारींतून फेंडर शिकत गेले. दुकानातला माणूस उत्तम वादक असलाच पाहिजे, या समजाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

तिसरे उदाहरण दुःखद आहे. अमेरिकेतील सॅम ॲश या वाद्यांच्या दुकानाची सुरुवात १९२४ मध्ये ब्रुकलिनमध्ये झाली. संस्थापक सॅम ॲश व्हायोलिनवादक होते, आणि पहिल्या दुकानासाठी त्यांच्या पत्नी रोझ यांची साखरपुड्याची अंगठी गहाण ठेवावी लागली होती. पुढे दुकानांची मोठी साखळी झाली, ती कुटुंबाकडेच राहिली, आणि शंभराव्या वर्षी, २०२४ मध्ये, सारी दुकाने बंद करण्याचा निर्णय झाला. जागेचे भाडे आणि घरबसल्या होणारी खरेदी ही कारणे सर्वांच्या लक्षात येतात. त्या दुकानांबरोबर जे दुरुस्ती करणारे हात पांगले, त्यांची गणती कुठल्याही ताळेबंदात होत नाही.

चौथीतार

माझा अनुभव लहान मुलीच्या व्हायोलिनचा आहे. लहान मुलांसाठी पाव, अर्धे, पाऊण अशा मापांची व्हायोलिने असतात, आणि हात लांब करून व्हायोलिनच्या मानेच्या टोकाचे गोलाकार शिखर तळहातात मावते का हे पाहून माप ठरवतात. दुकानातील बाईंनी पाऊण मापाचे विकण्यास नकार दिला आणि अर्ध्या मापाचे भाड्याने दिले, "वर्षभरात मूल वाढते, तेव्हा बदलून न्या" असे सांगून. तारा बदलताना सर्व एकदम सोडू नका, एकेक बदला, कारण आतला आधाराचा दांडा डिंकाने चिकटवलेला नसतो, केवळ दाबाने उभा असतो, आणि ताण गेला की पडतो, हेही त्यांनीच सांगितले. वस्तूबरोबर आलेल्या कागदात यातले काहीच नव्हते.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार. उंबरठा यांच्या आक्षेपाला बगल देणे योग्य होणार नाही. जाणतेपणाचा वापर समोरच्याला लहान करण्यासाठी होत असेल तर त्या दुकानाने मोल मागू नये, हे मला मान्य आहे. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. सहायकाचे उत्पन्न विक्रीच्या टक्क्यांवर अवलंबून असेल तर तो मोठी रक्कम खर्च करणाऱ्याकडेच वळतो. नवखा, वृद्ध किंवा संकोची माणूस त्याच्या हिशेबात बसत नाही. त्याचा पगार ठरलेला असेल, आणि जुळणी व सल्ला यांचे उत्पन्न दुकानाला वेगळे मिळत असेल, तर अर्ध्या मापाचे व्हायोलिन भाड्याने देणाऱ्या बाईंसारखे वागणे त्याला परवडते. चांगुलपणा ज्याचा त्याच्यापाशी असतो हे खरे, पण तो परवडेल अशी व्यवस्था करणे मालकाच्या हातात आहे.

पेटीदुरुस्त

पुढच्या पिढीविषयी लिहायचे राहिले होते. हे काम पुस्तकातून येत नाही. तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याच्या (घोडी घासून तारेला गुंजन आणणाऱ्याच्या) शेजारी बसून, घोडीचा पृष्ठभाग किती घासल्यावर तार बोलू लागते आणि किती घासल्यावर तिचा आवाज बोथट होतो, हे वर्षानुवर्षे ऐकावे लागते. शिकणाऱ्याने पहिल्या काळात काही वाद्ये बिघडवली तर चालतील एवढी सवड दुकानाकडे लागते. माझ्या गुरूंनी टाकाऊ पेट्यांचे सूर वेगळे काढून ठेवले होते आणि मला प्रथम त्यांवरच कानस चालवू दिली. आज मुलगा शिकायला येतो, तेव्हा पहिल्या महिन्यापासून त्याला घरी काहीतरी न्यावे लागते, आणि शिकाऊ हाताचे काम ग्राहकाला देता येत नाही. या मधल्या काळाचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न जुळणीच्या वेगळ्या शुल्कातून थोडाफार सुटू शकेल असे वाटते.

उंबरठा

हे पटण्यासारखे आहे. शुल्क वेगळे लावले तर मला निदान कशासाठी पैसे देत आहे ते कळेल, आणि काम झाले नाही तर विचारता येईल. मात्र जुळणी न घेणाऱ्याला दुय्यम वागणूक मिळू नये.

गल्ल्याकडून

मिळणार नाही. आमच्याकडे बिलाचा नमुना बदलण्याचे ठरवले आहे. वाद्याची किंमत एका ओळीत, जुळणीचे शुल्क दुसऱ्या ओळीत, आणि हवामान बदलल्यावर करायच्या फेरतपासणीचे तिसऱ्या ओळीत येईल. दुसरी आणि तिसरी ओळ ग्राहकाच्या इच्छेवर राहील. काम कुणी केले त्याचे नावही तिथे छापायचे आहे, म्हणजे पुढच्या वेळी ग्राहक त्या माणसाला नावाने विचारू शकेल. भाड्याच्या वाद्यांची वेगळी वही करावी, हे चौथीतार यांच्या प्रतिसादावरून सुचले.

पेटीदुरुस्त

पेटीच्या बिलावर आणखी एक ओळ ठेवावी: कोणते सूर घासले आणि टोकाकडून की बुडाकडून. पुढच्या वेळी पेटी उघडणारा मी नसेन, तर त्याला जिभेत किती धातू शिल्लक आहे याचा अंदाज त्यावरून येईल.